नंबर चष्म्याचा, परीक्षा डोळ्याची!

कॉन्टॅक्ट लेन्स घेण्यासाठी चष्म्याचा नंबर सांगितला की काम झाले, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात लेन्सची तपासणी ही नंबर काढण्यापेक्षा कितीतरी वेगळी असते. ही तपासणी कशी होते, त्यात काय पाहिले जाते आणि ती टाळल्यास काय गमवावे लागू शकते, याचा हा आढावा.

तुळशीची लग्ने आटोपली, की लग्नसराईला प्रारंभ होतो आणि घरोघरी खरेदीच्या याद्या तयार होऊ लागतात. शालू, दागिने, केशरचना यांच्या जोडीला आता या यादीत कॉन्टॅक्ट लेन्सनेही स्थान मिळवले आहे. मुंडावळ्या बांधलेल्या चेहऱ्यावर चष्मा नको, छायाचित्रांत भिंगांवर प्रकाशाची तिरीप नको, या हेतूने नियोजित वधू-वर विवाहाच्या आठ-दहा दिवस आधी चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतात. 'नंबर उणे तीन आहे, लेन्स हव्यात,' एवढेच सांगितले जाते आणि काही ठिकाणी तेवढ्यावरच लेन्सची डबी हातात पडते. संकेतस्थळावरून मागणी नोंदवणाऱ्याला तर एवढे बोलण्याचेही कष्ट पडत नाहीत.

घोटाळा नेमका येथेच होतो. चष्मा नाकावर बसतो आणि त्याची भिंगे डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असतात. चष्मा चुकला तर डोके दुखते, अंधुक दिसते. पण तो काढून ठेवला की त्रास थांबतो. लेन्सचे तसे नाही. ती डोळ्याच्या जिवंत पृष्ठभागावर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगते आणि दिवसाचे आठ-दहा तास तेथेच राहते.

बुबुळावरील घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. पारदर्शक राहण्यासाठी निसर्गाने त्यात रक्तवाहिन्याच ठेवलेल्या नाहीत. त्यामुळे त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. लेन्स घालणे म्हणजे या पडद्यावर आणि हवेच्या मधोमध एक आवरण ठेवणे होय. आवरण योग्य मापाचे असेल, योग्य पदार्थाचे असेल आणि स्वच्छ असेल, तर डोळा ते वर्षानुवर्षे निमूटपणे सहन करतो. तसे नसेल, तर पारपटलाला सूज येते, ओरखडे पडतात आणि त्यातून जंतूंना वाट मिळते. पारपटलाच्या मध्यभागी झालेली जखम भरली तरी तेथे पांढरा डाग राहतो. यालाच आपल्याकडे 'डोळ्यात फूल पडणे' म्हणतात. ते पडले, की चष्मा किंवा लेन्स यांपैकी कशानेही पूर्वीसारखे दिसत नाही.

म्हणूनच लेन्सच्या तपासणीत चार प्रश्नांची उत्तरे शोधली जातात. हा डोळा लेन्स घालण्यास योग्य आहे काय? योग्य असल्यास कोणत्या मापाची लेन्स हवी? दिलेली लेन्स डोळ्यावर नीट बसली आहे काय? आणि ती वापरणारी व्यक्ती तिची निगा राखू शकेल काय? चष्म्याचा नंबर हा यांतील दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा केवळ एक भाग आहे.

तपासणी कोण करते?

ही तपासणी नेत्रतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट करतात. नेत्रतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर नेत्रविकारांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ऑप्टोमेट्रिस्ट हे दृष्टी मोजण्याचे व लेन्स बसवण्याचे स्वतंत्र पदवी शिक्षण घेतात. सन २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करण्याचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टचाही समावेश आहे. पुष्कळ नेत्ररुग्णालयांत दोघे मिळून काम करतात. मोजमाप आणि लेन्स बसवणे ऑप्टोमेट्रिस्टकडे, तर आजाराचे निदान व उपचार डॉक्टरांकडे, अशी ही विभागणी असते. दुकानात चष्म्याची फ्रेम दाखवणारा विक्रेता या दोहोंपैकी कोणीच नसू शकतो, हे ग्राहकाने ध्यानात ठेवलेले बरे.

पहिल्याच वेळी लेन्स घेणाऱ्याच्या तपासणीला साधारण एक तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. पाच मिनिटांत लेन्स मिळाली, तर तपासणी झालेली नाही, असे समजण्यास हरकत नाही.

प्रश्नोत्तरांपासून प्रारंभ

तपासणीची सुरुवात यंत्राने होत नाही, संभाषणाने होते. लेन्स कशासाठी हवी आहे? रोज वापरणार की केवळ समारंभापुरती? काम कोठे आणि कसले? दिवसभर वातानुकूलित कचेरीत संगणकापुढे बसणाऱ्याच्या पापण्यांची उघडझाप मंदावते आणि डोळे कोरडे पडतात. रोज दुचाकीवरून धुळीतून जाणाऱ्याच्या लेन्सखाली कण अडकण्याचा संभव असतो. रसायनांच्या कारखान्यात, भट्टीजवळ किंवा पिकांवर औषध फवारणीचे काम करणाऱ्याला बहुधा चष्माच बरा, असा सल्ला मिळतो.

त्यानंतर प्रकृतीची चौकशी होते. मधुमेह, थायरॉइड, संधिवात, त्वचेची किंवा धुळीची ॲलर्जी आहे काय? कोणती औषधे सुरू आहेत? सर्दी-ॲलर्जीवरच्या आणि मुरुमांवरच्या काही गोळ्यांनी अश्रूंचे प्रमाण घटते. गर्भारपणातही पारपटलाच्या वक्रतेत व अश्रूंच्या थरात बदल होऊ शकतात. पूर्वी डोळ्याला मार लागला होता काय, शस्त्रक्रिया झाली होती काय, रांजणवाडी वारंवार होते काय, डोळे नुकतेच येऊन गेले आहेत काय, असे प्रश्नही विचारले जातात. डोळे आलेले असताना लेन्स घालणे पूर्णपणे वर्ज्य असते.

'डोळे चोळण्याची सवय आहे काय?' हा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटतो. मात्र सतत डोळे चोळणे आणि पारपटल शंकूच्या आकाराचे होण्याचा केराटोकोनस हा विकार, यांचा जवळचा संबंध आहे. नंबर दर काही महिन्यांनी वाढत असेल, विशेषतः तिरका म्हणजे सिलिंड्रिकल नंबर वाढत असेल आणि रुग्ण तरुण असेल, तर तपासनीस या शक्यतेचा विचार आधी करतो.

नंबर बदलतो तो असा

यानंतर नंबर काढला जातो. हनुवटी टेकवून यंत्रात पाहायचे, रस्त्याच्या टोकाशी रंगीत फुगा दिसतो, तो क्षणभर अंधुक होतो आणि पुन्हा स्पष्ट होतो, हा अनुभव चष्मा वापरणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. ते यंत्र केवळ अंदाज देते. अंतिम नंबर सहा मीटरवरील अक्षरांच्या तक्त्यावरून, एकेक भिंग बदलत, 'हे बरे की ते बरे' असे विचारूनच निश्चित होतो.

हा नंबर मात्र चष्म्याचा झाला. भिंग डोळ्यापासून १२ मिलिमीटर दूर असताना जी शक्ती लागते, ती भिंग डोळ्यावरच ठेवल्यास बदलते. नंबर लहान असेल, तर फरक नगण्य असतो. साधारण चारच्या पुढे तो जाणवू लागतो. चष्म्याचा नंबर उणे ६ असल्यास हिशेबाने लेन्सची शक्ती सुमारे उणे ५.६० येते आणि उपलब्ध लेन्सपैकी उणे ५.५० ची आधी लावून पाहिली जाते. उणे १० चा चष्मा असल्यास लेन्स सुमारे उणे ९ ची लागते. अधिक नंबरात उलट घडते. चष्मा अधिक ६ चा असेल, तर लेन्स जवळजवळ अधिक ६.५० ची लागते. चष्म्याची चिठ्ठी दाखवून जशीच्या तशी लेन्स घेणाऱ्या मोठ्या नंबरच्या व्यक्तीला म्हणूनच जास्त शक्तीची किंवा अपुऱ्या शक्तीची लेन्स मिळते.

तिरका नंबर असणाऱ्यांना टोरिक नावाची लेन्स लागते. तिच्यातील शक्ती ठराविक कोनातच काम करते, त्यामुळे ती डोळ्यावर गोल फिरली, तर अक्षरे अंधुक होतात. चाळिशी लागलेल्यांसाठी बहुकेंद्री लेन्स असतात किंवा एका डोळ्याला दूरची व दुसऱ्याला जवळची लेन्स देण्याची पद्धत आहे. या दोन्ही प्रकारांत थोडी तडजोड असते आणि ती सोसते की नाही, हे प्रत्यक्ष लावूनच कळते.

मोठ्या उणे नंबरच्या व्यक्तींच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब टाकून दृष्टिपटलही तपासले जाते. अशा व्यक्तींचे दृष्टिपटल कडेला पातळ होण्याची व फाटण्याची शक्यता अधिक असते. लेन्स घातल्याने चष्मा दिसेनासा होतो, डोळ्याची ठेवण बदलत नाही. या थेंबांनंतर काही तास जवळचे अंधुक दिसते. म्हणून त्या दिवशी स्वतः वाहन चालवत जाऊ नये.

पारपटलाचे मोजमाप

चपलेचा जसा आकडा असतो, तसाच लेन्सलाही असतो. प्रत्येकाच्या पारपटलाचा बाक निराळा असतो. तो केरॅटोमीटर या यंत्राने मोजतात. प्रकाशाच्या वर्तुळांचे प्रतिबिंब पारपटलावर पाडायचे आणि ती प्रतिबिंबे एकमेकांशी जुळवून आडवी व उभी वक्रता वाचायची, अशी ही पद्धत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या यंत्राचा पाया घातला. बहुतेकांच्या पारपटलाच्या बाकाची त्रिज्या पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास असते.

मात्र केरॅटोमीटर केवळ मध्यभाग मोजतो. संपूर्ण पृष्ठभागाचा नकाशा काढायचा असेल, तर कॉर्नियल टोपोग्राफी करतात. एकात एक आखलेल्या अनेक काळ्या-पांढऱ्या वर्तुळांकडे रुग्ण पाहतो आणि संगणक त्यांच्या प्रतिबिंबावरून रंगीत नकाशा तयार करतो. उंच-सखल प्रदेश जसे भूगोलाच्या नकाशात रंगांनी दाखवतात, तसाच हा प्रकार असतो. खालच्या बाजूला लाल ठिपका उमटला, तर केराटोकोनसची शंका येते. हा विकार वेळीच लक्षात आला, तर क्रॉसलिंकिंग या उपचाराने तो बहुधा आहे तेथे थोपवता येतो. लग्नासाठी लेन्स घ्यायला आलेल्या एखाद्या तरुणाचा हा विकार प्रथम अशा तपासणीतच उघडकीस येऊ शकतो. थेट दुकानातून लेन्स घेणाऱ्याला ही संधी मिळत नाही.

पारपटलाची आडवी रुंदीही मोजतात. ती साधारण साडेअकरा ते बारा मिलिमीटर असते. मऊ लेन्सचा व्यास सुमारे १४ मिलिमीटर असतो, म्हणजे ती पारपटल पूर्ण झाकून पांढऱ्या भागावर चहूबाजूंनी थोडी पसरते. याउलट प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या कडक लेन्सचा व्यास सुमारे नऊ-साडेनऊ मिलिमीटर असतो. ती पारपटलापेक्षा लहान असते. या लेन्स सुरुवातीला टोचतात. पण वेड्यावाकड्या पारपटलावर त्या जी स्पष्ट दृष्टी देतात, ती मऊ लेन्स देऊ शकत नाहीत.

निळ्या प्रकाशातील हिरवी रेघ

तपासणीचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा स्लिट लॅम्पसमोर होतो. हा प्रकाशाची बारीक फट टाकणारा सूक्ष्मदर्शक असतो. हनुवटी व कपाळ टेकवले, की तपासनीस डोळ्याचा एकेक थर अनेक पटींनी मोठा करून पाहतो. पापण्यांच्या कडेला कोंड्यासारखे खवले आहेत काय, तेलग्रंथींची तोंडे बुजली आहेत काय, पांढऱ्या भागातील रक्तवाहिन्या पारपटलात शिरू लागल्या आहेत काय, हे पाहिले जाते. पूर्वी लेन्स वापरलेल्या व्यक्तीच्या पारपटलात शिरलेल्या बारीक रक्तवाहिन्या म्हणजे डोळ्याला प्राणवायू कमी पडल्याची खूणच होय.

यानंतर वरची पापणी उलटवली जाते. त्याने दुखत नाही, मात्र विचित्र वाटते. ॲलर्जी असल्यास आतल्या बाजूला लहान-मोठे उंचवटे दिसतात. असे उंचवटे मोठे असल्यास आधी त्यावर उपचार होतात आणि लेन्सचा विचार पुढे ढकलला जातो.

मग अश्रूंची परीक्षा. फ्लुरोसीन या नारिंगी रंगाची पट्टी पापणीच्या आत हलकेच टेकवली जाते आणि डोळ्यावर निळा प्रकाश टाकला जातो. त्यात अश्रूंचा थर हिरवा चमकतो. रुग्णाला डोळा उघडा ठेवण्यास सांगतात आणि या हिरव्या थरात पहिला काळा ठिपका किती सेकंदांनी पडतो, ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत थर फुटू लागला, तर डोळा कोरडा असल्याचा संशय येतो. पारपटलावर ओरखडा किंवा जखम असेल, तर तेथेही हा रंग धरला जातो आणि आरशावरच्या चऱ्यासारखी हिरवी रेघ उठून दिसते. गरज पडल्यास खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर ओली होते, हेही पाहतात. मऊ लेन्स हा रंग शोषून घेते. त्यामुळे ही चाचणी लेन्स काढूनच करतात आणि डोळा धुतल्यानंतरच लेन्स लावतात.

'काही टोचत नाही' हे प्रमाणपत्र नव्हे

या सर्व मोजमापांवरून चाचणीची लेन्स निवडली जाते. तपासनीस हात धुऊन, पुसून ती रुग्णाच्या डोळ्यावर ठेवतो. प्रथम पाणी येते, पापण्या मिटू पाहतात. पण मऊ लेन्स असेल तर काही मिनिटांत डोळा शांत होतो. यानंतर रुग्णाला पंधरा-वीस मिनिटे बाहेर बसवले जाते. पुष्कळांना हा वेळ फुकट गेला असे वाटते. वास्तविक तो तपासणीचाच भाग आहे, कारण लेन्सला डोळ्यावर स्थिरावण्यास तेवढा अवधी द्यावा लागतो.

त्यानंतर पुन्हा स्लिट लॅम्प. लेन्स पारपटलाच्या मध्यावर आहे काय? सर्व बाजूंनी पारपटल झाकले गेले आहे काय? पापणी मिटून उघडली, की लेन्स किंचित हलते काय? हे 'किंचित' म्हणजे मिलिमीटरचा अर्ध्याहून कमी भाग. खालच्या पापणीने लेन्स हलकेच वर ढकलून ती सहज सरकते काय आणि पुन्हा जागेवर येते काय, हेही पाहतात. टोरिक लेन्सवर बारीक खूण असते. ती ठरलेल्या जागी, बहुधा घड्याळातल्या सहाच्या आकड्याच्या जागी, स्थिर राहते की फिरते, यावरून तिचा कोन ठरवला जातो.

सर्वसामान्यांच्या कल्पनेला धक्का देणारी बाब येथेच समोर येते. सैल लेन्स अधिक हलते, टोचते आणि तिची जाणीव सतत होत राहते. घट्ट लेन्स मात्र हलत नाही, त्यामुळे सुरुवातीला ती फार सुखकर वाटते. दुकानात लेन्स लावून पाहणारा ग्राहक 'काही टोचत नाही' असे म्हणून तीच पसंत करतो. परंतु लेन्स हलली नाही, तर तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत. मृत पेशी आणि मळ तेथेच साचतो, ताजा प्राणवायू पोहोचत नाही. काही तासांनी बुबुळाभोवती लाल कडे उमटते, लेन्स काढल्यावर पांढऱ्या भागावर तिच्या काठाचा वळ दिसतो. म्हणजेच जी लेन्स पहिल्या पाच मिनिटांत सर्वांत चांगली वाटली, तीच डोळ्याला सर्वांत घातक ठरू शकते. हे वापरणाऱ्याला स्वतःला कळण्याचा मार्ग नाही. ते सूक्ष्मदर्शकातूनच दिसते.

लेन्स नीट बसली, की तिच्यावरून पुन्हा अक्षरे वाचून घेतली जातात आणि शक्तीत पाव-अर्धा फरक हवा असल्यास तो केला जातो. पहिल्या लेन्सने समाधान झाले नाही, तर दुसरी, तिसरी लावून पाहिली जाते.

वाटी की बशी?

चौथा प्रश्न निगेचा. रुग्णाने स्वतःच्या हाताने लेन्स घालून आणि काढून दाखवल्याखेरीज ती घरी न देण्याचा नियम चांगल्या रुग्णालयांत पाळला जातो. पहिल्या दिवशी यासाठी अर्धा तासही लागतो. नखे कापलेली हवीत, हात साबणाने धुऊन सुती धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसलेले हवेत. लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून बाजूने पाहावी. तिच्या कडा वाटीसारख्या सरळ वर गेलेल्या असतील तर ती सुलट, बशीसारख्या बाहेर फाकल्या असतील तर उलटी. नेहमी एकाच डोळ्यापासून, समजा उजव्यापासून, सुरुवात केल्यास अदलाबदल होत नाही. काजळ व अन्य प्रसाधने लेन्स घातल्यानंतर लावावीत आणि ती उतरवण्याआधी लेन्स काढावी. मिरच्या चिरल्यानंतर घाईने लेन्स काढणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले तो हात धुण्याचे महत्त्व पुन्हा विसरत नाही.

लेन्स तळहातावर ठेवून विशिष्ट द्रावणाने बोटाने चोळावी, धुवावी आणि ताज्या द्रावणात ठेवावी. डबीतल्या कालच्या द्रावणात आजची भर घालू नये. डबी रोज रिकामी करून, द्रावणाने धुऊन, उघडी व पालथी वाळवावी आणि साधारण तीन महिन्यांनी बदलावी. साधे पाणी, उकळलेले पाणी, गुलाबपाणी, थुंकी यांपैकी काहीही लेन्सला लागता कामा नये.

पाण्याविषयी एवढी सक्ती का, असा प्रश्न रुग्ण विचारतात. नळाच्या, विहिरीच्या, गच्चीवरील टाकीच्या आणि पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. पिण्याच्या पाण्यात तो बहुधा निरुपद्रवी असतो, पण लेन्सखाली अडकला तर पारपटलात शिरतो. त्याचा संसर्ग अत्यंत वेदनादायक असून उपचार अनेक महिने चालतात. म्हणून आंघोळ, पोहणे आणि रंगपंचमी या तिन्ही प्रसंगी लेन्स डबीत असावी.

आकडे काय सांगतात?

लेन्स ही धोकादायक वस्तू आहे, असा या सर्वांचा अर्थ नव्हे. सन १९८९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, मऊ लेन्स केवळ दिवसा वापरणाऱ्या दर दहा हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ४ जणांना पारपटलाचा जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले. रात्रीही डोळ्यात राहणाऱ्या लेन्सच्या बाबतीत मात्र हे प्रमाण सुमारे २१ होते. त्यानंतर लेन्सचे पदार्थ सुधारले, प्राणवायू अधिक जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या. तरीही लेन्स घालून झोपल्याने संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१८ मध्ये नमूद केले आहे.

निगेतील चूक किती महागात पडते, याचे धडे जगाने २००६ व २००७ या लागोपाठच्या दोन वर्षांत घेतले. २००६ मध्ये फ्युसॅरियम या बुरशीच्या संसर्गामुळे लेन्सचे एक द्रावण जगभरातून मागे घ्यावे लागले, तर २००७ मध्ये अकँथअमीबाच्या संसर्गामुळे दुसरे. जुन्या द्रावणातच नव्याची भर घालण्याच्या सवयीने धोका वाढल्याचे दोन्ही वेळच्या तपासात दिसून आले. लेन्स चोळून धुण्याचा आग्रह त्यानंतर अधिकच दृढ झाला.

केवळ रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या बिननंबरच्या लेन्सलाही हेच नियम लागू होतात. 'नंबर नाही, म्हणजे तपासणीची गरज नाही' हा युक्तिवाद फसवा आहे, कारण डोळ्याचा बाक आणि अश्रू नंबर पाहून बदलत नाहीत. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून अशा लेन्सही वैद्यकीय उपकरण ठरवल्या. भारतातही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. मैत्रिणीची रंगीत लेन्स एका संध्याकाळपुरती उसनी घेणे हा तर जंतूंना दिलेला थेट निमंत्रणाचा प्रकार आहे.

तपासणी एकदाच नव्हे

लेन्स घरी नेली म्हणजे तपासणी संपली, असे नाही. साधारण आठवड्याने, मग महिन्याने आणि पुढे दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने डोळे दाखवावे लागतात. पहिल्या फेरतपासणीस लेन्स घालूनच, तीही काही तास आधी घालून जायचे असते. कारण दिवसभर वापरल्यावर ती कशी बसते, हेच पाहायचे असते. नंतर लेन्स काढून पारपटलावर ओरखडे आहेत काय, हे रंगाच्या पट्टीने तपासतात. डोळ्याला होणारी प्राणवायूची कमतरता पुष्कळदा दुखत नाही, टोचत नाही. ती रुग्णाला जाणवेपर्यंत महिने गेलेले असतात.

तपासणीनंतर मिळणाऱ्या लेन्सच्या चिठ्ठीवर शक्ती, बाक, व्यास, लेन्सचा प्रकार आणि ती किती दिवसांनी बदलायची, या सर्व नोंदी असाव्यात. चष्म्याच्या चिठ्ठीवर बाक आणि व्यास नसतात. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या, तरी नंबर पुरेसा का नाही, हे लक्षात येते.

लग्नाची तारीख ठरली असेल, तर ही तपासणी किमान महिना-दीड महिना आधी करावी. डोळ्यांना सवय होण्यास, लेन्स बदलावी लागल्यास ती मिळण्यास आणि हात बसण्यास एवढा अवधी आवश्यक असतो. मंगलाष्टके सुरू असताना डोळ्यांतून पाणी यावे, ते लेन्स टोचल्याने मात्र येऊ नये!

तपासणीला जाताना

• सध्याचा चष्मा, जुन्या चिठ्ठ्या आणि सुरू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी.

• आधीपासून मऊ लेन्स वापरत असल्यास किमान एक दिवस आधी ती बंद ठेवावी. कडक लेन्स किती दिवस आधी बंद ठेवायची, हे तपासणीची वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे. लेन्सच्या दाबाने पारपटलाचा बाक बदलतो आणि मोजमाप चुकते.

• डोळ्यांत काजळ वा अन्य प्रसाधने घालून जाऊ नये. नखे कापलेली असावीत.

• लेन्स घेतली तरी चालू नंबरचा चष्मा घरात असावा. डोळा लाल झाला तर घालायला दुसरे काही नाही, म्हणून लेन्सच घालत राहणे हे अनेक दुखण्यांचे मूळ असते.

• डोळा लाल होणे, दुखणे, प्रकाश सहन न होणे, अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाल्यास लेन्स त्वरित काढावी व त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. लेन्स व डबी फेकू नये, सोबत न्यावी. जंतू कोणता, हे त्यावरून कळू शकते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणून टाकू नयेत. त्यात स्टेरॉइड असल्यास संसर्ग झपाट्याने पसरतो.